चेंबर फुल, प्रेशर झिरो! चालत्या इंजिनला तेल पाजणाऱ्या एलायजा मॅकॉयची गोष्ट



समजा, वाळूज एमआयडीसीतून माल भरून एक जुना ट्रक जळगावच्या दिशेने निघालाय. इंजिन आता कंपनीतून आलं तसं राहिलेलं नाही. मालकाने मोठा टर्बो बसवलाय, डिझेल पंप वाढवून घेतलाय आणि खालचं ऑइल चेंबर दुसऱ्याच मॉडेलचं आहे. छत्रपती संभाजीनगर सोडून चौका घाट चढताना डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह लागतं.

ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, ऑइलची पट्टी काढतो, पुसून परत घालून बघतो. तेल अगदी वरच्या खुणेपर्यंत. त्याला वाटतं, सेन्सर गेला असेल, फुलंब्रीला गेल्यावर बघू. गाडी पुन्हा निघते. थोड्या वेळाने इंजिनमधून ठकठक यायला लागते, आवाज वाढत जातो आणि फुलंब्री यायच्या आधीच इंजिन जाम. क्रँक गेला, बेअरिंग गेले, मोठा खर्च अंगावर आला.

पट्टीवर तेल होतं ना? मग इंजिन तेलाविना मेलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण आज दीडशे वर्षं मागे जाणार आहोत. चालत्या इंजिनला तेल कसं पोहोचवायचं, याच एका प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव एलायजा मॅकॉय. गोष्ट संपल्यावर आपण पुन्हा चौका घाटातल्या त्या ट्रकपाशी येऊ.

तेल असणं वेगळं, तेल पोहोचणं वेगळं

संभाजीनगरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरजच नाही. जायकवाडी तुडुंब भरलेलं असतं, पेपरात फोटो येतात, आणि घरात मात्र नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत आपण ड्रम मांडून बसलेलो असतो. पाणी आहे, पण आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

इंजिनचंही तसंच. चेंबर म्हणजे धरण. ऑइलची पट्टी तुम्हाला फक्त धरणाची पातळी सांगते. ते तेल जाळीतून ओढून घ्यायचं, दाबाने फिल्टरमधून ढकलायचं आणि इंजिनच्या अंगात कोरलेल्या बारीक वाटांमधून क्रँक, कॅम, टर्बोपर्यंत न्यायचं काम ऑइल पंप करतो. पंप थांबला की धरण भरलेलं आणि नळ कोरडा.

आता जरा अशा काळाची कल्पना करा जेव्हा हे काम करणारं काहीच नव्हतं. इंजिनला तेल हवं असेल तर हातात किटली घेऊन माणूसच जायचा.

पळून आलेल्या आई-वडिलांचा मुलगा

मॅकॉयचा जन्म १८४४ च्या सुमारास कॅनडातल्या ओंटारिओ भागातल्या कोलचेस्टर गावचा. वडील जॉर्ज आणि आई मिल्ड्रेड हे दोघं अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. गुलाम म्हणजे मालकाच्या कागदपत्रात बैल-घोड्यांसोबत नोंद असलेली माणसं. ते दोघं तिथून पळाले आणि सीमा ओलांडून कॅनडात आले. कॅनडा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तिथे गुलामगिरी कायद्याने बंद झालेली होती.

पळून जाणाऱ्या अशा लोकांना मदत करणारं एक गुप्त जाळं होतं. त्याला अंडरग्राउंड रेलरोड, म्हणजे भूमिगत रेल्वे म्हणायचे. त्यात ना रूळ होते ना इंजिन. रात्री चालायचं, दिवसा कुणाच्या तरी घरात लपायचं, असा तो प्रवास. त्या रेल्वेने आलेल्या जोडप्याचा मुलगा पुढे खऱ्या रेल्वेसाठी काम करणार होता.

संभाजीनगरकरांना अशी गोष्ट नवीन नाही. आपलं शहर खडकी या नावाने १६१० मध्ये वसवलं ते मलिक अंबरने, आणि तोही हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. शहराला पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशोब. पातळ पदार्थ योग्य जागी कसा पोहोचवायचा, हाच प्रश्न त्यानेही सोडवला होता.

मॅकॉय कुटुंब पुढे अमेरिकेत परतलं आणि मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात राहायला आलं. घरात बारा मुलं. एलायजाला लहानपणापासून यंत्रं उघडून बघायचा नाद. आई-वडिलांनी पैसे जमवले आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात पाठवलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलाला इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळणं जवळपास अशक्य होतं. स्कॉटलंड तेव्हा यंत्रविद्येचं माहेरघर. तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून तो परत आला, तोपर्यंत अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं आणि १८६५ मध्ये गुलामगिरीही कायद्याने संपली होती.

शिक्षण इंजिनिअरचं, हातात फावडं

कायदा बदलला, पण नोकरी देणारी माणसं तीच होती. मॅकॉय मिशिगन सेंट्रल रेलरोड या रेल्वे कंपनीत गेला. इंजिनिअर म्हणून त्याला कुणी घेतलं नाही. मिळालं काय, तर फायरमनचं काम. म्हणजे वाफेच्या इंजिनच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचा आणि सोबत इंजिनला तेल द्यायचं.

जरा डोळ्यांसमोर आणा. परदेशातून इंजिनिअरिंग शिकून आलेला तरुण, काळ्या धुरात उभा राहून कोळसा ओढतोय. त्या काळात त्याच्यासमोर दुसरा पर्याय फारसा नव्हता. पण या कामातून एक गोष्ट झाली. इंजिनला तेल देण्याचा त्रास त्याने स्वतः भोगला. ऑफिसात बसणाऱ्या साहेबाला तो कधी कळला नसता.

त्रास काय होता? वाफेच्या इंजिनमध्ये पिस्टन सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकतो, दांडे फिरतात, चाकांचे आस घासतात. या सगळ्याला वंगण लागतं. वंगण नसेल तर धातूवर धातू घासतो, तापतो, झिजतो आणि शेवटी अडकतो. म्हणून ठराविक अंतर गेल्यावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, किटली घेऊन प्रत्येक सांध्यात तेल सोडायचं, मग पुन्हा निघायचं. गाडीभर प्रवासी बसून राहायचे. आपल्याकडे मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तिच्या वाफेच्या इंजिनांनाही वंगणाची ही गरज चुकलेली नव्हतीच.

थांबून तेल देण्यात दुसरीही अडचण होती. थांबल्यावर दिलेलं तेल सुरुवातीला भरपूर असायचं आणि पुढच्या थांब्यापर्यंत संपत जायचं. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त राबत असताना त्याच्याकडे सगळ्यात कमी वंगण.

१८७२: वाफेलाच कामाला लावलं

मॅकॉयने इप्सिलँटीत घराजवळच छोटं वर्कशॉप मांडलं आणि नोकरी सांभाळून प्रयोग सुरू केले. जुलै १८७२ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. ते होतं वाफेच्या इंजिनसाठी सुधारित ल्युब्रिकेटर, म्हणजे आपोआप वंगण देणारं भांडं.

कल्पना साधी आहे. सिलिंडरच्या वर तेलाचं एक भांडं बसवायचं. त्याच्या तळाशी झडप. इंजिन चालू असताना त्यातल्या वाफेच्याच दाबाने एक छोटा दट्ट्या हलतो, झडप उघडते आणि तेल थोडं थोडं सिलिंडरकडे उतरतं. म्हणजे तेल केव्हा द्यायचं हे आता माणसाने ठरवायचं नाही. इंजिन चालतंय म्हणून तेल मिळतंय.

आजच्या ट्रकचा ऑइल पंप याच तत्त्वावर चालतो. पंपाला वेगळी मोटर नसते. बहुतेक इंजिनमध्ये क्रँकचेच दाते तो फिरवतात. इंजिन जोरात फिरलं की पंपही जोरात फिरतो. मॅकॉयच्या भांड्यात आणि आजच्या गिअर पंपात रचनेचा खूप फरक आहे, पण चालत्या इंजिननेच स्वतःचं वंगण ओढून घ्यायचं, हा मुद्दा दोन्हीकडे एकच.

त्या वर्षी त्याच्या घरात दुःखही होतं. पहिली पत्नी अ‍ॅन हिच्याशी १८६८ मध्ये लग्न झालं होतं, ती चारच वर्षांत गेली. पुढच्या वर्षी त्याने मेरी डिलेनीशी लग्न केलं. ही मेरी पुढे डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय महिलांच्या संस्था उभ्या करणारी मोठी कार्यकर्ती झाली.

तेल नेमकं करतं काय?

मॅकॉय भांडी सुधारत होता तेव्हा तेल आत जाऊन नेमकं काय करतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ते कळलं इंग्लंडमध्ये. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगला वरून तेल द्यायला एक भोक पाडलं. झालं उलटंच. फिरत्या आसामुळे आतलं तेल त्या भोकातून वर यायला लागलं. त्याने लाकडी बूच ठोकलं, तर तेलाने बूचही बाहेर फेकलं.

याचा अर्थ आत तेलाचा जबरदस्त दाब तयार होत होता. फिरणारा आस स्वतःबरोबर तेल ओढतो, ते तेल अरुंद फटीत घुसतं आणि पाचरीसारखं आसाला उचलून धरतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आजही बेअरिंग डिझाइन करताना तेच समीकरण वापरतात.

म्हणजे तुमच्या ट्रकचा क्रँक बेअरिंगवर टेकलेलाच नसतो. तो तेलाच्या थरावर तरंगत असतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. पंपाचं काम काय, तर या थरातून बाजूने गळून जाणारं तेल सतत भरून काढणं. पंप थांबला की थर तुटतो, क्रँक बेअरिंगच्या मऊ धातूवर बसतो आणि तो धातू खरवडून वितळायला लागतो. चौका घाटातली ती ठकठक म्हणजे हेच.

म्हणूनच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर लाल झाली की आपल्याकडे अजून थोडा वेळ असतो, आपण रील बघत बसतो. ऑइल प्रेशरचा लाल दिवा तसा नाही. तो साधारण अर्धा बारच्या आसपास दाब खाली गेल्यावर लागतो. म्हणजे सूचना येते तेव्हा दाब जवळपास गेलेलाच असतो.

पेटंट त्याचं, नाव दुसऱ्याचं

मॅकॉय थांबला नाही. ल्युब्रिकेटरच्या सुधारणा एकामागून एक येत राहिल्या. रेल्वेची इंजिनं, बोटी, कारखान्यातली इंजिनं यांवर त्याच्या रचनेची भांडी बसू लागली. १८८२ मध्ये तो डेट्रॉइटला राहायला गेला आणि तिथल्या कारखान्यांना वंगणाबाबत सल्लाही देऊ लागला. मध्येच घरात लागणाऱ्या वस्तूंकडेही त्याचं लक्ष गेलं. इस्त्रीसाठीचं टेबल, अंगणात पाणी शिंपडणारा फवारा, यांचीही पेटंट त्याच्या नावावर आहेत. आयुष्यभरात एकूण सुमारे ५७ पेटंट, आणि त्यातली बहुतेक वंगणाशी संबंधित.

मग तो श्रीमंत झाला असेल ना? नाही झाला. पेटंट म्हणजे कागद. त्यावरून वस्तू बनवायला भांडवल लागतं, कारखाना लागतो. मॅकॉयकडे ते नव्हतं आणि त्याला कर्ज देणारंही कुणी नव्हतं. म्हणून अनेक पेटंटचे हक्क, काही पूर्ण तर काही अर्धे, त्याला मालकांना आणि गुंतवणूकदारांना द्यावे लागले. त्या पैशातून पुढचा प्रयोग, मग त्याचेही हक्क विकायचे. त्यामुळे त्याच्या डोक्यातून निघालेल्या बहुतेक ल्युब्रिकेटरवर त्याचं नावच नसायचं.

१९०९ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास लिहिताना मॅकॉयची नोंद घेतली. तोपर्यंत त्याच्याइतकी पेटंट दुसऱ्या कुठल्याही कृष्णवर्णीय संशोधकाच्या नावावर नव्हती. पण स्वतःच्या नावाची कंपनी काढायला त्याला १९२० साल उजाडलं. एलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी डेट्रॉइटमध्ये सुरू झाली तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता.

इंजिन बदललं, वंगण मागे पडलं

आता येतो आपल्या ट्रकशी थेट जोडलेला भाग.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेच्या इंजिनांमध्ये एक मोठं मॉडिफिकेशन आलं. त्याचं नाव सुपरहीटर. बॉयलरमधून आलेली वाफ पुन्हा एकदा तापवायची आणि मग सिलिंडरमध्ये सोडायची. कोळसा कमी लागायचा, ताकद जास्त मिळायची. आजच्या भाषेत टर्बो बसवल्यासारखंच. रेल्वे कंपन्या खूश.

पण या जास्त तापलेल्या वाफेत जुनं वंगण टिकेना. तेल जळायचं, त्याची काजळी व्हायची, सिलिंडर कोरडे पडायचे. इंजिनची ताकद वाढली होती आणि तेलाची व्यवस्था जुन्याच ताकदीची राहिली होती.

मॅकॉयने यावर ग्रॅफाइटचा उपाय काढला. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला तोच काळा, बुळबुळीत पदार्थ. तो उष्णतेत टिकतो. अडचण ही की त्याची पूड वाटेत बसते आणि नळ्या तुंबतात. तेलाबरोबर ग्रॅफाइट न तुंबता सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या ल्युब्रिकेटरचं पेटंट त्याला १९१५ मध्ये मिळालं. वय सत्तरच्या पुढे.

त्याच डेट्रॉइट शहरात १९०८ पासून फोर्डची मॉडेल टी बनत होती. तिच्या इंजिनमध्ये ऑइल पंपच नव्हता. मागचं फ्लायव्हील तेल उडवायचं आणि ते उताराने नळीतून पुढे जायचं. सपाट रस्त्यावर ठीक. पण लांब चढ आला की गाडीचं नाक वर, तेल सगळं मागे, आणि सगळ्यात पुढच्या बेअरिंगला तेल कमी. चौका घाटाचीच गोष्ट, फक्त शंभर वर्षं जुनी. पुढे इंजिनं जास्त ताकदीची होत गेली तसा दाबाने तेल ढकलणारा पंप सगळीकडे आला.

मग मॉडिफाइड ट्रकमध्ये नेमकं बिघडतं काय?

नेहमीची कारणं ही:

• चेंबर बदललं, पण तेल ओढणारी जाळी जुन्याच मापाची. जाळी तळाला टेकली तर तेल ओढलं जात नाही, फार वर राहिली तर चढावर हवा ओढते.

• पॅकिंगला सिलिकॉन पेस्ट जास्त लावली. तिचे तुकडे सुटून जाळीत अडकतात.

• टर्बो वाढवला, त्याला तेलाची लाइन जोडली, पण पंप तोच. गरम इंजिन आयडलला असताना सगळीकडे पुरेसं तेल जात नाही.

• डिझेल वाढवलं, उष्णता वाढली, तेल पातळ झालं. कधी न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरूनही तेल पातळ होतं.

• पंपाचे दाते झिजले, पंप फिरवणारा गिअर सुटला किंवा जास्तीचा दाब सोडणारी रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडीच अडकली.

• पंप चांगला आहे, पण बेअरिंग झिजून फट वाढली. मग तेल तिथूनच गळून जातं आणि दाब बनत नाही. अशा वेळी नुसता पंप बदलून काही होत नाही.

लाल दिवा लागला तर काय करायचं?

१. सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत हा विचार डोक्यातून काढा.

२. पट्टी बघा. तेल कमी असेल तर ते का कमी झालं ते शोधा. तेल बरोबर असेल तर जास्त सावध व्हा, कारण मग अडचण तेल पोहोचण्यात असू शकते. पट्टीवरच्या तेलाला डिझेलचा वास येतोय का, तेही बघा.

३. ठकठक ऐकू आली असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. गाडी टो करा, न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये ओढली तर इंजिन फिरतं.

४. आवाज नसेल तर मेकॅनिककडून सेन्सरच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावून घ्या. काही सेकंदांत खरा दाब कळतो. दाब मॅन्युअलमध्ये दिल्याइतका असेल तर दोष सेन्सर किंवा वायरिंगचा. काटा हललाच नाही तर तिथेच बंद.

५. फिल्टर कापून बघा. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग खायला सुरुवात झालेली आहे.

६. चेंबर उतरवून जाळी, तिच्या पाइपचं पॅकिंग, रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. पंपाच्या दात्यांची फट फीलर गेजने मोजा. बेअरिंग कॅप खोलून आतलं बघितल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

७. धातूचे कण निघाले असतील तर तेलाच्या सगळ्या वाटा, ऑइल कूलर आणि टर्बोची लाइन धुवून घ्या. नाहीतर जुना कचरा नव्या पंपात जातो.

८. नवा पंप बसवताना आत तेल भरा. कोरडा पंप सुरुवातीला तेल ओढत नाही. नंतर डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, गेजवर दाब दिसू दे आणि मगच इंजिन सुरू करा.

९. मूळ कारण दुरुस्त करा. जाळीचं माप, टर्बोची लाइन, पंपाची क्षमता. हे तसंच ठेवलं तर नवा पंपही त्याच वाटेने जाणार.

एक उद्योग मात्र करू नका. काही ठिकाणी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून गेजचा काटा वर आणतात. झिजलेलं बेअरिंग तसंच राहतं आणि मालकाला वाटतं काम झालं.

शेवटची वर्षं

स्वतःची कंपनी निघाली आणि दोनच वर्षांत, १९२२ मध्ये, मॅकॉय आणि मेरी यांना मोटार अपघात झाला. त्या जखमांतून मेरी वाचली नाही. मॅकॉय वाचला, पण पुन्हा पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही. तब्येत ढासळली, पैसे संपत आले. शेवटचे दिवस त्याने डेट्रॉइटजवळच्या एलॉइज इथल्या सरकारी रुग्णालयात काढले. १० ऑक्टोबर १९२९ रोजी तो गेला.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्याचं नाव घेतलं गेलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट खात्याने राजधानीबाहेरचं आपलं पहिलं विभागीय कार्यालय डेट्रॉइटमध्ये उघडलं आणि त्याला एलायजा मॅकॉयचं नाव दिलं. ज्याला आपली पेटंट विकावी लागली, त्याच्याच नावाने पेटंटचं कार्यालय उभं राहिलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट खरी किती?

मॅकॉयबद्दल दोन गोष्टी खूप फॉरवर्ड होतात. पहिली, आपोआप वंगण देणारं भांडं जगात सगळ्यात आधी त्यानेच बनवलं. हे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटमने १८६० मध्ये आणि जेम्स रॉस्कोने १८६२ मध्ये असे ल्युब्रिकेटर बनवले होते. मॅकॉयचं पेटंटही सुधारणेचंच आहे.

दुसरी, इंग्रजीत अस्सल मालाला द रिअल मॅकॉय म्हणतात ते त्याच्यामुळे, कारण ग्राहक नकली भांडी नाकारून त्याचंच मागायचे. गोष्ट छान आहे, पण पुरावा नाही. याच्याशी मिळताजुळता स्कॉटिश वाक्प्रचार १८५६ मध्येच छापलेला सापडतो. तेव्हा एलायजा बारा वर्षांचा होता.

या दोन गोष्टी काढून टाकल्या तरी त्याचं काम कमी होत नाही. कोळसा टाकणाऱ्या माणसाने रोजच्या कामातली अडचण पकडली आणि इंजिन बदलत गेलं तसा तिचा उपाय चाळीसहून जास्त वर्षं बदलत नेला.

तर मित्रांनो, तुमच्या घरी, ओळखीत कुणाचा ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर असेल आणि त्यात पॉवर वाढवायचं चाललं असेल, तर टर्बोचा भाव विचारायच्या आधी मेकॅनिकला एवढंच विचारा, वाढलेल्या पॉवरला तेल पुरवायची काय सोय केलीय? आणि ड्रायव्हिंग करणाऱ्या भावाला, काकांना हा लेख नक्की पाठवा. पट्टीवर तेल दिसलं तरी लाल दिवा लागल्यावर इंजिन बंद करायचं, एवढं जरी लक्षात राहिलं तरी एखादा क्रँक वाचेल.